बिनकामट्यांची वावडी

२००३ साल. मी तेव्हा पंचावन्नचा होतो. शाळेच्या दाखल्यावर तसंच आहे. मास्तरनं आईला विचारलं, आई म्हणली पेरणीच्या आधी झाला, मंग मास्तरनं अंदाजानं जूनची एक तारीख टाकली. तिसरीपर्यंत शिकलो आणि बैलांमागं लागलो. त्यामुळं इथं जे लिहून राह्यलो ते जसं घडलं तसं आहे, त्याला रंग लावायची अक्कल मला न्हाई. ज्याला पटणार न्हाई त्यानं उन्हाळ्यात आमच्या तलावात दिवस मावळताना एकट्यानं उभं राहून बघावं.

आमचं गाव जाफराबादेकडचं. म्हणजे आत्ताचं गाव. जुनं गाव तलावाच्या पोटात आहे. बहात्तरच्या दुष्काळात तलावाचं काम निघालं. आम्हीच खडी फोडली, आम्हीच माती वाहिली आणि आपल्याच घरांवर पाणी साठंल असा बांध घातला. आम्हाला वर माळावर जागा मिळाली. दारं, तुळया, पत्रे काढून आणले. भिंती तिथंच राहिल्या.

विहिरी बुजवा असा हुकूम होता. सगळ्यांनी बुजवल्या, माझ्या बापानं न्हाई. विहिरीत साती आसरा राहतात, पाण्याच्या देवी, त्यांच्या तोंडात माती घालायची न्हाई, असं आमच्या घरात होतं. दरसाल काठावरच्या सात दगडांना शेंदूर लागायचा आणि दहीभाताचा निवद जायचा. बाप म्हणला, "झाकीन. बुजवणार न्हाई." बाप, थोरला भाऊ आणि मी, तिघांनी मिळून विहिरीच्या तोंडावर घराच्या तुळया आडव्या टाकल्या, वर बाभळीचे ओंडके, त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाड थर आणि वर माती. चोपून चोपून जमीन केली. सरकारी माणूस आला, तिच्यावरून चालत गेला आणि विहीर बुजवली असं लिहून घेऊन गेला. बापाला लई हसू आलं होतं. नंतर पाणी आलं आणि सगळं त्याच्याखाली गेलं.

२००३च्या त्या उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत आटला. एरवी मधोमध म्हशी डुंबायला डबकं तरी राहायचं, त्या साली तेही गेलं. सगळा गाळ उघडा पडला, काळा, भेगाळलेला. आणि गाळ म्हणजे शेताला सोनं. ज्याच्या त्याच्या तोंडी गाळ.

भाऊ तोपर्यंत वारला होता. त्याचा एकुलता एक पोरगा जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. शिकलेला, पण हाडाचा शेतकरी. बापाचा ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या हातात देत न्हवता, सुट्टी काढून स्वतः चालवायचा. तो रविवारी आला. सोमवारी सकाळी गाळ काढायला सुरुवात करायची असं ठरलं होतं.

जेवता जेवता म्हणला, "काका, आपली झाकलेली विहीर नेमकी कुठं?"

"बांधाजवळ. चिंचेचा खुंट दिसतो ना गाळातून वर आलेला? त्याच्या खालच्या अंगाला. तिकडं जाऊ नको. वरच्या अंगाला बिनघोर घाल ट्रॅक्टर."

चुलीपासून बायको म्हणली, "तो खुंट आपल्या विहिरीवरच्या चिंचेचा न्हाई. देवळाच्या चिंचेचा आहे."

"तुला काय ठावं?"

"पाणी कोण आणत होतं?"

"पाणी आणणं निराळं आन् विहीर खांदणं निराळं."

"तुमी कुठं खांदली? मामंजींनी खांदली. तुमी तवा पाळण्यात व्हते."

पोरगा हसला. मला ते लागलं. मी म्हणलो, "झाकली कुणी? मी झाकली. माझ्या हातानं तुळया टाकल्या. मला विहीर दाखवती का?"

"तुळया एक दिवस टाकल्या," ती म्हणली. "मी दोन घागरी डोक्यावर घेऊन रोज येत-जात व्हते. डोक्यावर घागरी असल्या की माणूस डोळ्यानं न्हाई चालत, पायानं चालतं. आपली विहीर देवळापासून लई वर हाये. पोराला वर धाडू नका."

"बस झालं. मी सांगितलं ते सांगितलं."

तेवढ्यावर ते मिटलं. माझ्या घरात असंच मिटायचं.

ऊन कलल्यावर पोरगा म्हणला, "काका, चला तलावात. एक चीज आणली आहे." पाठीवरची पिशवी त्यानं ओट्यावर उघडली. आतून कापड निघालं, निघतच राहिलं. लाल आणि काळं, छत्रीच्या कापडासारखं पातळ. अंथरलं असतं तर आमचा ओटा झाकून खाली लोंबलं असतं.

"हे काय, मांडवाचं कापड का?"

"पतंग आहे. पॉवर काइट म्हणतात. समुद्रावर लोक हिच्यामागं घसरत जातात, वाळूवर गाडी ओढून नेते. ही स्वस्तातली आहे, कंपनीतल्या मित्रानं बाहेरून आणून दिली. शहरात उडवायला जागाच न्हाई. म्हटलं, आपला तलाव कोरडा आहे."

मी कापड चाचपलं. आत एक काडी न्हाई, कामटी न्हाई. लहानपणी आम्ही माणसाएवढी वावडी करायचो, बांबूच्या कामट्या तासून, वर कागद चिटकवून, सुतळीवर उडवायची. वावडीला हाडं पाहिजेत. हिला हाडंच न्हवती. नुसत्या पिशव्या, एकीला एक शिवलेल्या, तोंडं उघडी.

"ही उभी कशी राहती?"

"वारं पिऊन," पोरगा म्हणला.

ते ऐकून बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणली, "मी बी येते." मी म्हणलो, तुझं तिथं काय काम? म्हणली, गवऱ्या वेचीन. कोरड्या तलावात आता कुठल्या गवऱ्या राहिल्या होत्या! पण ती टोपलं घेऊन निघाली.

तलावात उतरलो तेव्हा दिवस हातभर वर होता. तळाला चालायला लागलं की पायाखाली शिंपले कुटकुट मोडतात. भेगा एवढ्या रुंद की पाऊल आडवं घालावं लागतं. मधेच एखाद्या भिंतीचा माथा गाळातून वर आलेला, दगडांची ओळ. कुठली कुणाची, सांगता येईना. मी ज्या गल्लीत लहानाचा मोठा झालो तिच्या वरून, कमरेएवढ्या, कुठं पुरुषभर गाळावरून चालून राह्यलो होतो. तिथं पाखरू न्हाई, किडा न्हाई. बोललेलं बांधावर जाऊन उशिरानं परत यायचं, आणि परत यायचं ते आपल्या आवाजात न्हाई. पोरगा खोकला तर बांधाकडून म्हातारा खोकल्यासारखं आलं. तो म्हणला, "मस्त इको आहे."

खुंटाच्या थोडं वरच्या अंगाला त्यानं कापड पसरलं. दोन लांब दोऱ्या, दोन मुठी. डावी ओढली की डावीकडं, उजवी ओढली की उजवीकडं.

"एवढंच?" मी म्हणलो. "हे तर कासरे झाले. बैलजोडी हाकल्यासारखंच."

"तसंच समजा. फक्त एक ध्यानात ठेवा काका, दोऱ्या हाताला गुंडाळायच्या न्हाईत. लई ओढ लागली की मुठी सोडून द्यायच्या. सोडल्या की ती आपोआप पडती."

"बैल उधळल्यावर कासरा सोडून देतात का रे?"

"हा बैल न्हाई, काका."

वारं मात्र न्हवतं. मे महिन्यात आमच्याकडं दुपारपासून पश्चिमेचं वारं सुटतं, पण त्या दिवशी झाडाचं पान हलेना. पोरानं दोनदा पळून बघितलं, कापड फरफटत आलं आणि मुडद्यासारखं पडलं. घामाघूम झाला. म्हणला, "जाऊ द्या, वारंच न्हाई."

तेव्हा मी ते केलं.

खळ्यावर धान्य उफणताना वारं पडलं की माझा बाप तिवईवर उभा राहून वाऱ्याला हाक मारायचा. भरलेलं सूप खांद्याएवढं वर धरायचा आणि गाय बोलावल्यासारखं लांब ओढून म्हणायचा, "ये गं माय, ये..." आणि वारं यायचं. कधी जल्दी, कधी उशिरा, पण यायचं. त्याचा एकच कायदा होता: सुपात धान्य असल्याबिगर हाक मारायची न्हाई. आली आणि तिला काम न्हाई दिलं, तर ती आपल्या मनानं काम काढती, असं म्हणायचा. बापामागं मी बी बोलावलं खळ्यावर, माझ्याही हाकेला वारं आलेलं आहे. गावात तसं बोलावणारा मी शेवटचा.

पोरापुढं मला ते दाखवायचं होतं, दुसरं काही न्हाई. मी रिकामे हात वर केले आणि हाक मारली.

बायको लांबून ओरडली, "अहो! सुपात काय आहे?"

बांधाकडून माझी हाक परत आली. पुन्हा सांगतो, आपल्या आवाजात येत न्हाई ती. माझ्या बापाच्या आवाजात आली.

आणि वारं आलं. पश्चिमेचं न्हाई. पूर्वेकडून, बांधावरून खाली उतरून आलं. त्या दिवसांत तिकडून वारं येत न्हाई, पन्नास उन्हाळे मी बघितले होते. गारही होतं. कापडाची तोंडं एकेक करून फुगली, पिशव्या भरल्या, आणि ती वावडी पोटावर उठून बसली. पोरानं "अरे वा!" म्हणून मुठी ओढल्या, तशी ती सरळ वर गेली. दोऱ्यांमधून सूर निघायला लागला. एका पट्टीतला, खालचा, तोंड मिटून बाई गुणगुणती तसा.

पोरगा दोन-चार पावलं घसरत गेला, हसत होता. "काका, बघा ताकद!"

"आण इकडं."

"गुंडाळू नका हां."

मी मुठी घेतल्या. आणि घेताक्षणी दोऱ्यांचे वेढे दोन्ही मनगटांवर टाकले. मुद्दाम न्हाई. हात आपोआप फिरले. जन्मभर कासरा असाच धरला. खोंड असो, मारका बैल असो, वेढा घातला आणि टाचा रोवल्या की तो उभा राहतो. आजवर माझ्या हातून जनावर सुटलं न्हाई.

टाचा रोवल्या. तिनं मला टाचांसकट उचललं.

बैलाची ओढ मला ठावी आहे. ती हिसक्यानं येती, मधे दम खाती, त्या दमात आपण सावरतो. हिला दम न्हवता. एकसारखी ओढ, ना जास्त ना कमी, एखाद्यानं मनगट धरून घरात न्यावं तशी. मी डावी ओढली. डावीकडं जायला पाहिजे होती, गेली न्हाई. उजवी ओढली, तरी न्हाई. एकाच दिशेला, वरच्या अंगाला. मी पळत सुटलो. पळणं काय, पाय जमिनीला लागत तेवढंच. भेगांवरून, भिंतींच्या माथ्यांवरून. मागून पोरगा ओरडत होता, "सोडा! काका, सोडा मुठी!" मी सोडणारच न्हवतो, आणि सोडतो म्हटलं तरी वेढे आवळलेले. तो सूर आता मोठा झाला होता. मला पळता पळता एकदा असं वाटलं की वर वावडीच्या जागी कुणी न्हाई, ओढणारं पुढं आहे, खाली.

मी तोंडावर पडलो. पडलो तसा फरफटत गेलो, छातीखाली शिंपले मोडत. आणि एकदम वारं बंद. दिवा विझवल्यासारखं. सूर थांबला. वावडी वर थोडी थबकली आणि माझ्यापुढं पाच-सहा हातांवर सपाट येऊन पडली, चादर अंथरावी तशी.

मी तसाच पडून राहिलो. तोंडात माती. कानात काही न्हाई. डोळ्यासमोर ते कापड. आणि ते कापड वर-खाली होऊन राह्यलं होतं.

आधी वाटलं, वाऱ्याची झुळूक आहे. माझ्या नाकापुढं वाळलेल्या शेवाळाचं पान होतं, कागदासारखं हलकं. ते हलत न्हवतं. कापड मात्र मधोमध फुगायचं, थांबायचं, बसायचं. पुन्हा फुगायचं. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं. मंग वास आला. ओला, गार, शेवाळाचा, तांब्याच्या घागरीचा. तो वास मी तीस वर्षांत घेतला न्हवता, पण लहानपणी वाकून आत बघायचो तेव्हा तोंडावर हाच यायचा. दुसऱ्या कोणत्या विहिरीला तो वास न्हाई.

खुंट मागं राहिला होता. लई मागं. ही ती जागा होती जिथं मी पोराला म्हणलो होतो, बिनघोर घाल ट्रॅक्टर.

मागून धपधप पावलं. पोरगा धावत येत होता, माझ्याकडं न्हाई, वावडीकडं, फाटली का बघायला. मी ओरडलो, "थांब!" तोंडात माती होती, काय आवाज निघाला कुणास ठाऊक. तो थांबला न्हाई. हात तर बांधलेले. तो बाजूनं निघाला तसा मी कूस बदलून पाय आडवा टाकला. तो धाडकन तोंडावर आपटला.

"काका! काय करून राह्यले? पागल झाले का?"

"हलू नको."

"माझं नाक फुटलं!"

"फुटू दे. हलू नको म्हणलो ना! ते कापड बघ."

त्यानं बघितलं. नाकातलं रक्त पुसायचा हात तसाच राहिला. बारीक आवाजात म्हणला, "वारं तर न्हाई."

"न्हाई."

"मंग ते काय...?"

मी उत्तर द्यायच्या आधी कापडाच्या कडेची माती खचली. थोडीच, ओंजळभर. आम्ही दोघं कान देऊन राहिलो. लई वेळ काही न्हाई. मंग खालून, लई खालून, पाण्यात खडा पडल्याचा आवाज आला. सगळा तलाव कोरडा ठणठणीत, आणि खाली पाणी.

मंग वावडीची एक कड त्या भोकात गेली. सावकाश. तिच्यामागं कापड जायला लागलं, चुण्या पडत, जसं कुणी आत बसून हाताहातानं गोळा करून राह्यलंय. कापडामागं ढिल्या पडलेल्या दोऱ्या गेल्या आणि माझ्या मनगटांवर ताणल्या. हिसका न्हवता. तीच ओढ, मघाचीच. मी कोपरं जमिनीत खुपसली. हात पुढं सरकायला लागले, हातांमागं मी.

तोपर्यंत बायको येऊन पोचली होती. ती धावत आली न्हाई. पाऊल टेकवून, थांबून, पुन्हा टेकवून येत होती, डोक्यावर घागरी असल्यासारखी. माझ्या मागं बसली, माझं धोतर मुठीत धरलं आणि म्हणली, "सोडा आता."

"सुटत न्हाई."

"सुटतंय. तुमी धरलंय."

मी बघितलं. वेढे सैल होते. केव्हाचे सैल होते. मुठी मीच आवळून धरल्या होत्या, नखं तळहातात रुतेपर्यंत. मी बोटं उघडली. मुठी जमिनीवरून सरपटत गेल्या, एकीमागं एक, कडेवर क्षणभर अडकल्या आणि आत गेल्या. पडल्याचा आवाज आला न्हाई. आम्ही तिघं वाट बघत राहिलो, पण त्याचा आवाज आला न्हाई.

पोटावर सरकत मागं आलो. पोरगा भिंतीच्या दगडावर बसला. म्हणला, "काका, मी उद्या इथूनच सुरुवात करणार होतो. इथं गाळ जास्त आहे म्हणून." त्याच्या बापाचं तोंड मला त्याच्या तोंडात दिसलं.

शिकलेला आहे, चार दिवसांनी त्यानं मला समजावलं. खाली पोकळी होती, लाकडं कुजली होती, संध्याकाळी हवा गार होती म्हणून आतली हवा वर-खाली होत होती, कापड वजनानं गेलं. असंल. मी त्याला इतकंच विचारलं, पूर्वेचं वारं कसं आलं आणि नेमकं तिथं येऊन बंद कसं झालं? त्या दिवसानंतर मी वाऱ्याला हाक मारलेली न्हाई. खळी पण पुढं मशीनवर गेली.

त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो. अंधार पडत होता. रिकामं टोपलं बायकोच्या डोक्यावर तसंच होतं. मी आपला वाट बघत होतो, आता म्हणंल, आता म्हणंल, खुंट देवळाचाच होता म्हणून. माझं उत्तरही तयार होतं. ती म्हणली न्हाई. दारात पाय धुताना ती एवढंच म्हणली, "घरात दही आहे का बघते. सकाळी भात टाकीन."

रात्री मनगटांवर वळ उठले. तिनं हळद लावली. मी नको म्हणलो, तरी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर दारात उभा राहू दिला. विहिरीभोवती कुंपणाला बोरीच्या काट्यांचा भारा बांधून मी डोक्यावर घेतला. तिनं दहीभाताचं ताट पदराखाली घेतलं. लग्न झाल्यापासून ती माझ्या मागून चालली, शेतात, बाजारात, राजूरच्या गणपतीला, सगळीकडं. तलावाच्या उतारावर मी थांबलो आणि म्हणलो, "तू हो पुढं. मला भाऱ्यानं खालचं दिसत न्हाई." ती पुढं झाली. ती जिथं पाऊल टाकील तिथंच मी पाऊल टाकत गेलो, आणि ती थांबली तिथं काट्या रोवल्या.